सव्वा इंचाचे दार

चारठाण्याला पाहुणा आला म्हणजे आम्ही त्याला गोकुळेश्वराचे देऊळ, तिथली बारव आणि उंच दगडी स्तंभ दाखवतो. आपल्या राहत्या घरात दाखवण्यासारखे काही असेल असे कधी कुणाच्या मनात येत नाही. वास्तविक माझ्या लहानपणीचे आमचे तीन खणांचे माळवद दोन बिऱ्हाडांचे होते. खाली आम्ही राहत होतो आणि वर चिमण्या.

ज्यांनी माळवद पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. जाड सरांवर तुळया, तुळयांवर किलचनाची लाकडे जवळजवळ मांडलेली, त्यांवर पाला आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे हे छप्पर असते. किलचने काही रंधा मारून बसवलेली नसतात. त्यांच्यामध्ये आणि तुळईच्या टोकाशी बोट-दोन बोटांच्या फटी राहतात. त्याच चिमण्यांच्या खोल्या. शिवाय कोनाडे, देवळ्या आणि तसबिरींच्या मागची जागा होतीच. चिमणी ही सुगरणीसारखी झाडाला खोपा विणत नाही. तिला आयती फट, आयते भोक लागते. माणसाने घर बांधले आणि तिने त्यातली फट घेतली, असा हा जुना करार आहे.

आमच्या घरी तो करार तीन वर्षांपूर्वी मोडला. घरकुल मंजूर झाले आणि एप्रिल महिन्यात माळवद उतरवायला घेतले. किलचने ओढताना गवताचा एक बोळा खाली पडला. त्यात पिसे न फुटलेली तीन पिले होती. मी ती खोक्यात कापूस घालून ठेवली, पण सकाळपर्यंत एकही जगले नाही. चिमणी मात्र दोन दिवस चोचीत किडा धरून उघड्या भिंतीपाशी येत होती. आजी कुणाला काही बोलली नाही. "आपल्याला घर झालं बाई, तिचं गेलं," एवढेच म्हणाली.

म्हणून माळवदे पुन्हा बांधा असे मी मुळीच म्हणणार नाही. ते पावसाळ्यात गळते, दरवर्षी माती टाकावी लागते. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि असली जड छपरे अंगावर कोसळून हजारो माणसे गेली, हे मराठवाड्यात कुणाला सांगावयास नको. सिमेंटचे घर हवेच. प्रश्न एवढाच आहे, की या सपाट, गुळगुळीत घरात चिमणीची फट परत कशी ठेवायची?

याचे उत्तर एका साध्या लाकडी पेटीत आहे. आपल्याच राज्यात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी नेचर फॉरेव्हर सोसायटी ही संस्था काढून अशा पेट्यांचा प्रसार केला. त्यांच्या पुढाकाराने २० मार्च २०१० रोजी पहिला जागतिक चिमणी दिन पाळला गेला. दिल्लीने तर २०१२ साली चिमणीला राज्यपक्षी केले. तथापि चिमणी देशातून संपत आली आहे, असे जे सरसकट बोलले जाते तेही बरोबर नाही. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२० सालचा अहवाल सांगतो, की देशभरात तिची संख्या बरीचशी टिकून आहे. घट दिसते ती प्रामुख्याने मोठ्या शहरांत. म्हणजे गावाला अजून वेळ आहे. पण आपली गावेही आता शहरासारखीच बांधली जात आहेत.

माझी पहिली पेटी पार फसली. पत्र्याचे छप्पर, निळा तेलरंग, दोन इंचांचे भोक, त्याखाली बसायला दांडी, आणि ती टांगली पश्चिमेच्या भिंतीवर! दिसायला फार सुरेख होती. दांडीवर साळुंकी येऊन बसली आणि चिमण्यांना तिने जवळ फिरकू दिले नाही. मार्चमधल्या एका दुपारी आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी आत हात घालून पाहिला आणि म्हणाले, "पोरी, हे घर केलंस का भट्टी?" पुढची पेटी मी त्यांच्याच हाताखाली केली. तिची मापे अशी :

सहा इंच रुंद, अर्धा इंच जाड आणि पाच फूट लांब अशी एक फळी घ्यावी. सागवानच पाहिजे असे नाही. जुन्या खोक्याची, पण किडलेली नाही अशी फळी चालते. तिचे तुकडे पुढीलप्रमाणे पाडावेत. पाठीची फळी १४ इंच, पुढची ८ इंच, तळ ५ इंच आणि छप्पर ९ इंच. दोन्ही बाजूंसाठी १८ इंचांचा एक तुकडा घेऊन तो मधोमध तिरपा कापावा, म्हणजे प्रत्येक बाजू एका काठाला १० आणि दुसऱ्या काठाला ८ इंच भरते. उंच काठ पाठीकडे ठेवला की छपराला आपोआप उतार मिळतो. उरलेले काही इंच करवतीच्या कापासाठी आणि चुकांसाठी!

दोन्ही बाजू पाठ आणि पुढची फळी यांच्यामध्ये येतात आणि तळ त्यांच्या आत बसतो. आत पाच इंच बाय सहा इंच जागा मिळते. पाठीची फळी वर आणि खाली दोन-दोन इंच मोकळी राहते. भिंतीला खिळे तिथे ठोकायचे. छप्पर मात्र पक्के ठोकू नये. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी पाठीला आणि छपराला चुकांनी मारली की बिजागरीही होते आणि सांध्यातून पाणीही शिरत नाही.

आता दार. खिळे मारण्यापूर्वीच पुढच्या फळीला गिरमिटाने सव्वा इंचाचे, म्हणजे ३२ मिलिमीटरचे, गोल भोक पाडावे आणि कानशीने काठ घासून घ्यावा. सगळ्या पेटीत हे माप महत्त्वाचे. चिमणी यातून सहज जाते, साळुंकी जाऊ शकत नाही. भोकाचा खालचा काठ तळापासून पाच इंच उंच असावा, म्हणजे पिले बाहेर घरंगळत नाहीत आणि मांजराचा पंजा पोचणे अवघड जाते. दांडी लावू नये. चिमणीला तिची गरज नसते. सोय होते ती शत्रूची. तळाला चार बारीक छिद्रे पाण्यासाठी आणि बाजूंना वरच्या अंगाला दोन-दोन छिद्रे हवेसाठी ठेवावीत. आतून रंधा मारू नये, रंगही देऊ नये. खरबरीत लाकडाला नखे रोवून पिले वर चढतात. बाहेरून जवसाचे तेल लावले तर पुरे.

पेटी आठ-दहा फूट उंचीवर, सज्जाखाली, पूर्वेला किंवा उत्तरेला लावावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत पिलांना सोसत नाही. खोलीत, पंख्याजवळ तर कधीच लावू नये. चिमण्यांना शेजार आवडतो, म्हणून दोन-तीन पेट्या जवळजवळ लावल्या तरी चालते. आत गवत भरून ठेवू नये. घर सजवणे हे तिचे काम. ती तीन ते पाच अंडी घालते. अकरा ते चौदा दिवसांत पिले निघतात आणि साधारण पंधरा दिवसांनी उडतात. एवढा महिनाभर छप्पर उघडून पाहण्याचा मोह आवरावा. पिले गेल्यावर मात्र पेटी रिकामी करून कढत पाण्याने धुवावी, कारण जुन्या घरट्यात पिसवा आणि गोचिडीसारखे बारीक कीटक राहतात.

पण पेटी म्हणजे निम्मेच काम. मोठी चिमणी दाणे खाते, पण पिलांना सुरुवातीला किडे-अळ्याच लागतात. पूर्वी खळ्यावर ज्वारीची रास पडे, तेव्हा चिमण्यांचेही पोट भरे. आता सोयाबीनची रास थेट मोंढ्यावर जाते आणि शेतातल्या अळ्या फवारणीने मरतात. चीनमध्ये १९५८ साली धान्य खाते म्हणून चिमणी मारण्याची मोहीमच काढली होती. चिमण्या गेल्या आणि पिकांवर किडी माजल्या. शेवटी मोहीम थांबवावी लागली. तेव्हा अंगणात पाण्याचे परळ, मूठभर ज्वारी-बाजरी आणि औषध न मारलेले मेंदीचे किंवा जास्वंदीचे एखादे झाड असावे.

माझी दुसरी पेटी आठ महिने रिकामी राहिली. घरात थट्टा झाली. मग यंदा फेब्रुवारीत एक नर तिथे येऊन ओरडू लागला, मागून मादी आली आणि दोघांनी मिळून गवत, सुतळी, कोंबडीची पिसे आत नेली. एके दिवशी आतून बारीक चिवचिव ऐकू आली. आजीला डोळ्यांनी फारसे दिसत नाही, पण तिने ऐकले. रोज जेवताना ती आता पहिला घास बाजूला काढते आणि भाकरी चुरून पेटीखाली टाकते.

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज-उद्या स्लॅब पडणार आहे. तेव्हा गवंड्याला एवढेच सांगा, की गिलावा करताना सज्जाखाली एका विटेची जागा मोकळी सोड. तिच्यावर सव्वा इंचाच्या भोकाची एक फळी बसवली की झाले; वेगळा खर्चही नाही. आणि ज्यांचा स्लॅब पडून गेला, त्यांनी पाच फूट फळी घ्यावी. आपल्या महाविद्यालयाच्या व्हरांड्याची उत्तरेकडची भिंतही रिकामीच आहे. गुरुजनांनी परवानगी दिली तर करवत मी आणीन.

— बी. ए. द्वितीय वर्ष