व्हायडा ब्लूचे खरेदीखत

ओकलंडच्या कोलिझियम या बेसबॉलच्या मैदानावर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे खेळाडू, ज्या ठिकाणी सामन्यापूर्वी आपला हात तापवीत असत, ती जागा इतर अनेक मैदानांप्रमाणे भिंतीआड दडलेली नव्हती. खेळाच्या सीमारेषेबाहेर, प्रेक्षकांच्या कठड्याला जवळजवळ लागून ती होती, आणि त्यामुळे स्वस्तातल्या तिकिटापुरतेच पैसे खिशात बाळगणाऱ्या माझ्यासारख्या बर्कलीच्या विद्यार्थ्यालाही तासभर आधी पोहोचून त्या कठड्याशी उभे राहता येई व एक अत्यंत दुर्घट कसब अगदी जवळून न्याहाळता येई. व्हायडा ब्लूला मी प्रथम पाहिले ते तेथे. प्रारंभी तो, सरळ उभ्या असलेल्या कॅचरकडे, शेजाऱ्याकडे किल्ल्यांचा जुडगा टाकावा तसा चेंडू नुसता सोडीत असे. पाच-दहा चेंडूंनंतर कॅचर उकिडवा बसे, आणि मग ब्लूचा उजवा पाय गुडघ्यात मोडून छातीपर्यंत वर येई, क्षणभर सारा देह एकट्या डाव्या पायावर तोललेला राही, हातमोज्यात झाकलेला चेंडू कोठेच दिसत नसे, आणि नंतर खांद्यामागून तो डावा हात अशा वेगाने येई की चेंडू सुटल्याचे डोळ्यांना उमगण्यापूर्वीच तो कॅचरच्या मोज्यात पोहोचल्याचे कानांना कळे. धुण्याच्या दगडावर ओले धोतर आपटावे तसा तो आवाज होता. मी मोजीत असे: चाळीस, पंचेचाळीस, क्वचित पन्नास. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात तो चेंडूवरच्या लाल टाक्यांवरून बोटे फिरवी आणि बोटांना हवी ती शिवण सापडेपर्यंत कॅचरकडे पाहतही नसे. धावत येऊन टाकलेल्या क्रिकेटच्या गोलंदाजीवर माझी दृष्टी पोसलेली. जागेवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात एवढा वेग कोठून येतो हे कोडे मला पुष्कळ दिवस उलगडले नव्हते, आणि उलगडल्यावरही त्याविषयीचा आदर कमी झाला नाही.

या हाताची कीर्ती तोवर साऱ्या अमेरिकेत पसरलेली होती. १९७१ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ब्लूने २४ सामने जिंकले, ३०१ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले, आणि त्या एका हंगामात अमेरिकन लीगमधील सर्वोत्तम पिचरचे साय यंग पारितोषिक व सर्वश्रेष्ठ खेळाडूचा बहुमान असे दोन्ही मान मिळविले. त्या वर्षीचा त्याचा पगार होता १४,७५० डॉलर. पुढे १९७२ पासून लागोपाठ तीन वर्षे त्याच्या ओकलंड क्लबाने जगज्जेतेपद पटकावले. क्लबाचे मालक चार्ल्स फिन्ली हे विमाव्यवसायात पैसा मिळविलेले गृहस्थ. मुक्काम शिकागोकडे, आणि दोन हजार मैलांवरून क्लबाचा बारीकसारीक कारभार ते टेलिफोनवर चालवीत. खेळाडूंना हिरवे-सोनेरी पोशाख व पांढरे बूट त्यांनीच घातले. माणूस कल्पक होता, खेळाची पारखही त्यांना खरी होती, परंतु ज्यांच्या हातापायांवर ते जगज्जेते झाले त्यांना पैसे देताना त्यांचा हात आखडत असे.

माझे वडील सातारा जिल्ह्यात दस्तनोंदणीच्या कचेरीत कारकून होते. लिहून देणार, लिहून घेणार, मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा, मोबदला, साक्षीदार, हा खरेदीखताचा क्रम मी लहानपणी पाठांतरासारखा ऐकलेला. बेसबॉलमध्ये खेळाडू 'विकला' असे वर्तमानपत्रात प्रथम वाचले तेव्हा मला तो बोलण्याचा एक प्रकार वाटला होता. चौकशीअंती कळले की व्यवहार अक्षरशः तसाच होतो. खेळाडूचा क्लबाशी झालेला करारनामा एक मालक दुसऱ्याच्या नावे करून देतो, आणि करारनाम्यामागोमाग माणसाने आपले कपडे बांधून त्या गावी जावयाचे असते. माणसाला विचारण्याची चाल नव्हती. शिवाय छापील करारनाम्यात एक कलम असे की मुदत संपल्यावर खेळाडूने नव्या करारावर सही न केल्यास क्लबाला जुना करार एक वर्षाने वाढविता यावा. मालकांनी या कलमाचा अर्थ असा लावला होता की वाढविलेले वर्ष सरले म्हणजे त्याच कलमान्वये आणखी एक वर्ष, मग आणखी एक, आणि याप्रमाणे तहहयात. २३ डिसेंबर १९७५ रोजी पीटर साइट्झ या लवादाने मेसरस्मिथ व मॅकनॅली या दोन पिचरांच्या तक्रारीवर निकाल दिला की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. ते सरले की खेळाडू मोकळा. मालकांनी साइट्झला तात्काळ कामावरून दूर केले, न्यायालयात धाव घेतली, आणि तेथेही ते हरले.

फिन्लींच्या दृष्टीने या निकालाचा अर्थ उघड होता. त्यांच्या उत्तमोत्तम खेळाडूंनी १९७६ च्या करारावर सह्या केलेल्या नव्हत्या. हंगाम संपताच ते मोकळे होणार आणि मालकाच्या पदरी छदामही न पडता इतरत्र जाणार. एप्रिलमध्येच त्यांनी रेजी जॅक्सन व केन होल्ट्झमन यांना बाल्टिमोरला देऊन टाकले होते. उरलेल्यांसाठी १५ जून ही तारीख होती, कारण त्या काळी हंगामात खेळाडूंची देवघेव करण्याची अखेरची मुदत तीच असे. ती टळली की हात बांधले जात.

त्या दिवशी फिन्लींनी तीन माणसे विकली. रॉली फिंगर्स हा पिचर व जो रूडी हा मैदानाच्या डाव्या टोकाचा क्षेत्ररक्षक हे प्रत्येकी १० लाख डॉलरांना बॉस्टनकडे, आणि व्हायडा ब्लू १५ लाखांना न्यूयॉर्कच्या यांकीजकडे. मोबदल्यात एकही खेळाडू यावयाचा नव्हता. सारा रोकडीचा मामला. येथे एक तपशील आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे. बॉस्टनने आपले दोघे बिनसहीचे, शरद ऋतूत निसटून जाण्याची जोखीम पत्करून घेतले. यांकीजना मात्र चार महिन्यांत मोकळा होणारा पिचर १५ लाखांना नको होता. त्याची पुढील वर्षे बांधून मिळावीत अशी त्यांची अट होती. म्हणून विक्रीच्या आधी फिन्लींनी ब्लूशी बोलणे केले आणि तीन वर्षांच्या करारावर त्याची सही घेतली. आपण कोणासाठी सही करीत आहोत हे ब्लूला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर सही केली नसती, असे त्याने नंतर स्पष्ट सांगितले. त्याच्या या शब्दावर मी तेव्हाही विश्वास ठेवला व आजही ठेवतो.

योगायोग असा की बॉस्टनचा संघ नेमका ओकलंडलाच मुक्कामी होता. फिंगर्स आणि रूडी यांना ना विमान गाठावे लागले, ना सामान बांधावे लागले. इमारतीच्या आतल्या वाटेने ते पाहुण्यांच्या खोलीत गेले आणि बॉस्टनचे कपडे चढवून आले. त्या मुक्कामात मी मैदानावर गेलो तेव्हा हे दृश्य पाहिले, आणि ते माझ्या मनातून गेलेले नाही. सात-आठ वर्षे ज्या बाकावर ते बसत आले होते, त्या बाकासमोरच्या बाकावर ते राखाडी पोशाखात बसलेले. माझ्या शेजारचा एक वृद्ध प्रेक्षक, बहुधा गोदीतला कामगार असावा, दुर्बीण डोळ्यांना लावून फिंगर्सच्या मिशांवरून खात्री करून घेत होता आणि खात्री झाल्यावर ती दुर्बीण त्याने पुन्हा डोळ्यांना लावली नाही. दोघांपैकी कोणीही खेळायला उतरले नाही.

कारण मधल्या काळात बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांचा मनाई हुकूम आला होता. सुनावणी होईतो तिघांपैकी कोणालाही खेळवू नये, असे त्यांनी फर्माविले. १७ जूनला न्यूयॉर्कमध्ये सुनावणी घेतली, आणि १८ जूनला तिन्ही विक्र्या रद्दबातल ठरविल्या. खेळाच्या सर्वोत्तम हिताकरिता योग्य ते करण्याचा सर्वाधिकार कमिशनरला आहे, त्याचा आधार त्यांनी घेतला. त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. ३५ लाख डॉलरांच्या मोबदल्यात एक संपूर्ण संघ उघडा पडतो, धनाढ्य क्लब अधिक बलाढ्य होतात, आणि ओकलंडच्या प्रेक्षकाने तिकीट काढून काय पाहावयाचे, हा प्रश्न खरा होता. तो प्रेक्षक मीच होतो. परंतु त्याच १५ जूनला यांकीज आणि बाल्टिमोर यांच्यात तब्बल दहा खेळाडूंची अदलाबदल झाली, एप्रिलमध्ये ओकलंडने दिलेला होल्ट्झमन तिच्यातूनच न्यूयॉर्कला पोहोचला, आणि तिची कोणी सुनावणी घेतली नाही, कारण तेथे माणसाच्या बदल्यात माणूस होता. शिवाय विख्यात खेळाडू बेब रूथची विक्रीही १९१९ च्या अखेरीस रोख पैशांनीच झाली होती. फिन्लींनी कमिशनरवर दावा लावला. जिल्हा न्यायालय १९७७ मध्ये आणि अपील न्यायालय १९७८ मध्ये कून यांच्याच बाजूने उभे राहिले.

विक्रीनंतरच्या दोन आठवड्यांविषयी थोडक्यात सांगतो. परत मिळालेल्या तिघांना फिन्ली खेळवीनात; अखेर जूनच्या शेवटच्या आठवड्यात सहकाऱ्यांनी, हे तिघे खेळणार नसतील तर आम्हीही मैदानात उतरणार नाही, असा निर्धार केला तेव्हा ते नमले. त्या काळात मी दोनदा त्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो. दुसरेच पिचर हात तापवून गेले. आवाज येत होता, पण तो आवाज नव्हता.

ओकलंडने त्या हंगामात दुसरा क्रमांक मिळविला, कॅन्सस सिटीच्या अवघे अडीच सामने मागे. ते दोन आठवडे वाया गेले नसते तर काय झाले असते, याची चर्चा आगगाडीत परतताना आम्ही कितीतरी रात्री केली आहे. हंगाम संपला आणि ज्यांच्या सह्या नव्हत्या ते सारे मोकळे झाले. फिंगर्स सॅन डिएगोला गेला, रूडी कॅलिफोर्निया एंजल्सकडे, आणखी चौघे आपापल्या मार्गाने. प्रत्येकाला भरघोस पैसा मिळाला, आणि मुख्य म्हणजे आपण कोठे जावयाचे हे प्रत्येकाने स्वतः ठरविले. त्या संध्याकाळी ज्यांना पाहून माझे मन गलबलले होते, त्या दोघांचे नुकसान शेवटी चार-सहा महिन्यांत भरून निघाले.

राहिला तो ब्लू. विक्री रद्द झाली, तरी विक्रीसाठी घेतलेली सही कायम राहिली. ज्या न्यूयॉर्कच्या अटीपायी तो तीन वर्षे बांधला गेला ते न्यूयॉर्क त्याला मिळाले नाही. ज्या मालकापासून सुटण्याची वेळ चार महिन्यांवर आली होती तो मालक मात्र राहिला. १९७७ चा ओकलंडचा संघ मी पाहिला आहे. तो आपल्या गटात शेवटचा आला, त्याच वर्षी नव्याने स्थापन झालेल्या सिएटलच्याही खाली. साऱ्या हंगामात पाच लाख माणसेही मैदानावर फिरकली नाहीत. कठड्याशी आता गर्दी नसे. ब्लू येई, तोच उजवा पाय छातीपर्यंत जाई, तोच आवाज होई, आणि नंतर तो मैदानात जाऊन हरे. त्या वर्षी तो १४ सामने जिंकला व १९ हरला. एकदा हात तापवून झाल्यावर त्याने चेंडू कॅचरकडे न टाकता कठड्यावर रेललेल्या एका मुलाच्या हातात ठेवला आणि एक शब्दही न बोलता तो निघून गेला. डिसेंबर १९७७ मध्ये फिन्लींनी त्याला सिनसिनाटीला, साडेसतरा लाख डॉलर व एक खेळाडू घेऊन, देऊ केले. कून यांनी तोही व्यवहार मोडला. शेवटी मार्चमध्ये सात खेळाडू व काही रक्कम यांच्या मोबदल्यात तो खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेला, आणि त्याच उन्हाळ्यात नॅशनल लीगच्या वतीने ऑल-स्टार सामन्याचा पहिला चेंडू त्याने टाकला. दोन्ही लीगांकडून हा मान मिळविणारा तो पहिला पिचर. मे २०२३ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, तो निवर्तला. कारकीर्दीत त्याने २०९ सामने जिंकले.

वडिलांच्या टेबलापुढे कधी एखादा शेतकरी मोडलेल्या सौद्याची तक्रार घेऊन उभा राही, तेव्हा ते प्रथम एकच गोष्ट विचारीत: "सहीचा कागद परत घेतलास का?" सौदा मोडल्याचे चार पंचांनी सांगितले तरी कागद दुसऱ्याच्या पेटीत राहिला, तर सौदा मोडल्याचा तोटा सही करणाऱ्यालाच भोगावा लागतो, हे त्यांना रोजच्या अनुभवाने ठाऊक होते. १८ जून १९७६ रोजी यांकीजना त्यांचे १५ लाख डॉलर राखता आले आणि फिन्लींना त्यांचा पिचर परत मिळाला. ब्लूला त्याचा कागद परत मिळाला नाही. विक्री रद्द करण्याएवढा अधिकार कून यांच्यापाशी होता, तर त्या विक्रीपुरताच लिहिला गेलेला तो करारही त्यांनी त्याच हुकुमाने रद्द करावयास हवा होता.