पिंपळे गुरव: उपनगर नव्हे, आधी गाव

पिंपळे गुरवला इतिहास कुठला, तो तर पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी वसवलेला भाग, असं सर्रास म्हटलं जातं. पण नकाशा वेगळं सांगतो. पवना इथे वळण घेते आणि पुढे दापोडीजवळ मुळेला मिळते. म्हणजे पाणी आणि नदीकाठची जमीन आधी होती, कारखाने नंतर आले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली उभी राहिली, महानगरपालिका 1982 मध्ये झाली.

इथे किल्ला नाही, लढाईही नाही, हा आक्षेप खरा आहे. मात्र इतिहास केवळ तटबंदीत नसतो. गुरव, सौदागर, निलख अशी तीन पिंपळे वेगळी ओळखावी लागली, हाच जुन्या वस्तीचा पुरावा. म्हणून पत्त्यात ‘गुरव’ लिहायला विसरू नका.