मेंदू स्वस्त, सांगाडा महाग

1 मीटर लांबीची, 20 मिलिमीटर व्यासाची भरीव पोलादी दांडी दोन टोकांना टेकवून आडवी ठेवायची आणि मधोमध 10 किलोचं वजन टांगायचं. डोळ्याला काही फरक दिसत नाही. दांडीखाली डायल गेज लावला तर मात्र काटा सांगतो, दांडी 1.3 मिलिमीटर वाकली. घरी सीएनसी राउटर बांधायला निघालेल्या माणसाची पहिली गाठ पडते ती या 1.3शी. बहुतेकांना ते यंत्र बांधून झाल्यावर कळतं.

सुतार हातात धरून लाकडावर फिरवतो तो राउटर संगणकाच्या हुकमाने फिरणाऱ्या पुलावर बसवला की सीएनसी राउटर झाला. टेबलाच्या दोन्ही कडांना रेल, त्यांवरून पुढेमागे सरकणारी कमान म्हणजे गँट्री, गँट्रीवर डावीउजवीकडे जाणारी गाडी आणि त्या गाडीवर खालीवर होणारा स्पिंडल. तीन दिशा, तीन-चार मोटरी, टोकाला मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे मारणारं कटर. प्लायवूडच्या फर्निचरपासून नावाच्या पाटीपर्यंत आणि जपून चालवलं तर ॲल्युमिनियमच्या प्लेटपर्यंत सगळं त्यावर कापता येतं.

या यंत्राचा पूर्वज घरगुती मुळीच नव्हता. 1940च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटी इथे जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती बनत. पात्याचा वक्र अचूक हवा, म्हणून पार्सन्स आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्यूलेन यांनी वक्रावरच्या बिंदूंचे आकडे पंचकार्डांच्या यंत्रावर काढले. मग मिलिंग मशीनपाशी तीन माणसं उभी राहिली. एकाने तक्त्यातले आकडे मोठ्याने वाचायचे, बाकीच्या दोघांनी एकेक चाक धरून तेवढंच फिरवायचं. शाळेत पाढे म्हणवून घेतात तसा प्रकार. ही तीन माणसं काढून टाकायची कल्पना 1949मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या कंत्राटापर्यंत गेली, तिथून एमआयटीच्या प्रयोगशाळेत, आणि 1952च्या सप्टेंबरात छिद्रांच्या कागदी पट्टीवर चालणारी मिलिंग मशीन लोकांना दाखवली गेली.

त्या प्रयोगात लोखंड तयार होतं. सिनसिनाटी कंपनीची हायड्रो-टेल ही जड बिडाची मिलिंग मशीन उचलून आणली होती. सगळी डोकेफोड झाली ती तिला मेंदू बसवताना. निर्वात नळ्यांनी भरलेलं ते कपाट खुद्द मशीनपेक्षा मोठं होतं.

आज हे गणित बरोबर उलटं झालंय. 2009मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी जीआरबीएल ही प्रणाली लिहून खुली केली. ती अर्डुइनो उनो या तळहाताएवढ्या पाटीवर चालते. पाटीवरच्या चिपची चालू स्मृती अवघी 2 किलोबाइट. तेवढ्यात ती जी-कोडच्या, म्हणजे यंत्राला द्यायच्या हुकमांच्या, पुढच्या पंधराएक ओळी आधीच वाचून ठेवते आणि वळण कुठे येणार, वेग कुठे उतरवायचा, हे ठरवते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर या पाटीची नक्कल काही शे रुपयांत मिळते. मेंदूचा प्रश्न खिशातून सुटतो. हायड्रो-टेलचं बीड मात्र कुठल्याच गल्लीत मिळत नाही.

म्हणजे घरी राउटर बांधणं हे मुख्यतः वाकण्याशी भांडण आहे. यूट्यूब पाहून सुरुवात करणारे आधी मोटरी घेतात, मग झगझगीत स्पिंडल, आणि उरलेल्या पैशांत सांगाडा. हा क्रम साफ चुकीचा आहे.

पुन्हा त्या दांडीकडे यावं. तिच्याजागी 50 बाय 50चा, 3 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा लोखंडी बॉक्स पाइप ठेवला आणि तेच 10 किलो टांगले, तर वाक उरतो 0.05 मिलिमीटर. पाइपचं वजन दांडीच्या दुपटीहून कमी, ताठपणा मात्र सव्वीसपट, कारण धातू मध्यापासून जितका लांब, तितका तो वाकायला नकार देतो. लांबीचाही हिशेब असाच निष्ठुर आहे. दांडी निम्मी केली की वाक आठपट घटतो. म्हणून चार बाय आठ फुटांचं प्लायवूड अख्खं बसावं या हट्टाने जो पहिलंच यंत्र मोठं बांधतो, त्याला यंत्राऐवजी झोपाळा मिळतो. आणि ॲल्युमिनियम? दिसायला देखणं, कापायला सोपं, पण त्याच आकारात ते पोलादाच्या तिप्पट वाकतं.

प्रिंटएनसी नावाचं खुलं डिझाइन याच हिशेबावर उभं आहे. फॅब्रिकेशनवाला गेट बनवायला वापरतो तसाच बॉक्स पाइप आणि सांध्यांना थ्रीडी प्रिंटरवर काढलेले प्लास्टिकचे भाग. पाइप वेल्ड करायचा मोह टाळावा लागतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जॉब ओढला जातो आणि सकाळी सरळ असलेली चौकट संध्याकाळी पतंगासारखी होते. म्हणून ड्रिल, आटे आणि बोल्ट.

बोल्ट आवळण्याआधी काटकोन. गवंडी पाया आखताना तीन-चार-पाच फुटांची दोरी लावतो, तीच युक्ती इथे चालते. यंत्राकडूनच टेबलावर 600 बाय 800च्या आयताच्या चार कोपऱ्यांत भोकं पाडून घ्यायची आणि दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही 1000 भरायला हवेत. दोघांत 1 मिलिमीटरचा फरक निघाला तर 600च्या बाजूला 0.6 मिलिमीटरचा तिरपेपणा आहे, आणि कपाटाचं दार तो लपवत नाही.

मोटरींचं काम त्यामानाने सरळ. स्टेपर मोटर एका फेऱ्यात 200 टप्पे घेते, ड्रायव्हर प्रत्येकाचे आठ तुकडे करतो, आणि बॉल स्क्रू एका फेऱ्यात गाडी 5 मिलिमीटर सरकवतो. 1 मिलिमीटरला 320 ठोके. कागदावर ही अचूकता केसापेक्षा बारीक. पण घरगुती यंत्रात मेंदू फक्त ठोके पाठवतो, गाडी खरंच पोचली का हे विचारत नाही. कपलिंगचा छोटा स्क्रू ढिला झाला तर तो तितक्याच आत्मविश्वासाने पुढचा सगळा जॉब चुकीच्या जागी कापतो.

विजेच्या तक्रारी वेगळ्याच. यंत्र रिकामं चालवलं की शहाण्यासारखं वागतं, स्पिंडल सुरू झाला की मधेच थांबतं आणि टोकाचा स्विच दाबला गेल्याचं सांगतं. स्विचला कुणी हातही लावलेला नसतो. स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा विद्युत गोंगाट शेजारच्या वायरीत शिरलेला असतो. जाळीदार वेष्टणाची केबल, वेष्टणाला एकाच टोकाला अर्थिंग आणि दोन वायरींत अंतर, एवढ्यावर बहुतेकदा भागतं.

घरच्या गरजेतून असं यंत्र बांधणारे पूर्वीही होते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात मेंदूविज्ञान शिकवणाऱ्या टेड हॉल यांना प्लायवूडच्या होड्या बनवायच्या होत्या. बाजारातला राउटर परवडेना, म्हणून त्यांनी स्वतःचा बांधला. त्यातून 1996मध्ये शॉपबॉट ही कंपनी निघाली आणि पुढे तिचे राउटर एमआयटीने सुरू केलेल्या फॅब लॅब या खुल्या कार्यशाळांच्या ठरीव यंत्रांत जाऊन बसले. त्या फॅब लॅबपैकी अगदी सुरुवातीची एक 2002मध्ये उघडली, पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात. एमआयटीतल्या त्या प्रात्यक्षिकाला तेव्हा बरोबर 50 वर्षं झाली होती.

यंत्र उभं राहिल्यावर नवखा माणूस घाबरून ते हळू चालवतो. कटरला हे सोसत नाही. 18000 फेरे, दोन धारा आणि प्रत्येक धारेला 0.05 मिलिमीटरचा घास, म्हणजे मिनिटाला 1800 मिलिमीटरचा वेग. त्याच्या खूप खाली गेलं की कटर कापायचं सोडून घासू लागतं, लाकडाला जळका वास येतो आणि कड काळी पडते. एमडीएफचा बारीक धुरळा वेगळाच. तो नाकातोंडात जाऊ नये म्हणून व्हॅक्यूम आणि मास्क दोन्ही हवेत. सदनिकेच्या बाल्कनीत राउटर मांडणाऱ्याने शेजाऱ्यांशी आधी बोलून घेतलेलं बरं.

पहिलं खरं काम टेबलाचंच. टेबलावर बसवलेल्या एमडीएफच्या फळीवर पेन्सिलने आडव्यातिडव्या रेघा ओढायच्या, रुंद कटर लावून यंत्राकडून पाव मिलिमीटर खरवडून घ्यायचं. जिथे रेघा उरल्या तिथे फळी खोल. आणखी एक फेरी, रेघा गेल्या. आता नख फिरवायचं. दर पट्ट्याच्या कडेला बारीक पायरी लागली तर स्पिंडल किंचित कलला आहे. थंड पेयाच्या कॅनमधून कापलेली पत्र्याची चकती, साधारण 0.1 मिलिमीटर जाडीची, स्पिंडलच्या पट्टीमागे एका बोल्टपाशी सरकवायची, बोल्ट पुन्हा आवळायचा आणि फळी परत खरवडायची. नखाला काही लागेनासं झालं की टेबलावर ॲल्युमिनियमचा पहिला तुकडा चढतो. त्यातून कापायची असते याच यंत्राच्या गाडीची प्लेट, आत्ता तिच्याजागी असलेल्या प्लास्टिकच्या बदली.