पाइपात पाणी सोडा, पण आधी हवा काढा



जॉइंट गळला तर एका कपलरवर भागतं. पण कधी कधी पीव्हीसीचा पाइप या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा चिरतो. मग चर उकरून अख्खा पाइप बदलावा लागतो. असं का होतं, ते गॅसच्या पाइपांवरून नीट समजतं.

शहरात घरगुती गॅस प्लास्टिकच्या पाइपांतून नेतात. अशा पाइपात भेग धावायला लागली, तर सेकंदाला १०० ते ३०० मीटर जाऊ शकते. तिला पळवतो आत दाबलेला वायू. पाणी फारसं दाबलं जात नाही. तडा गेला की त्याचा दाब लगेच उतरतो. वायू मात्र दाबलेल्या स्प्रिंगसारखा असतो, तो भेगेला रेटत राहतो. म्हणून गॅसच्या पाइपाचा नमुना ० अंशापर्यंत थंड करतात, आत हवा भरतात आणि टोकाला पातं मारतात. भेग थोड्यात थांबली तरच पाइप पास!

आपल्या लाइनीत गॅस नाही, पण हवा असते. पारनेर-संगमनेरच्या पठारावर लाइन चढ-उतारानं जाते. लाईट गेली की पाणी उतरतं, हवा शिरते. रात्री लाईट आली की ऑटो मोटर एकदम चालू करतो आणि उंचवट्यावर हवा कोंडते. त्यात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पीव्हीसी ठिसूळ होतो.

म्हणून एवढं करा:

✅ प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह बसवा. जुना असेल तर मातीनं चोंदलाय का बघा.

✅ लाइन रिकामी असेल तर ऑटो बंद ठेवा. व्हॉल्व्ह थोडाच उघडून मोटर चालू करा. शेवटच्या टोकाला सलग धार लागली की हळूहळू पूर्ण उघडा.

✅ १० मीटर चढाला साधारण १ किलो दाब लागतो. लांबी आणि धक्का धरून त्याच्या वरचा पाइप घ्या. किती किलोचा, ते पाइपावर छापलेलं असतं.

✅ उन्हात पडून राहिलेला, ओरखडे पडलेला पाइप गाडू नका. भेग ओरखड्यापासूनच सुरू होते. चरात पाइपाखाली-वर बारीक माती टाका, दगड नको.

❌ नवीन लाइन कॉम्प्रेसरच्या हवेनं कधीही तपासू नका. पाइप फुटला तर तुकडे गोळीसारखे उडतात, जीवावर बेततं. पाण्यानंच तपासा.

या आठवड्यात एकदा लाइनीवरून चालत जा. उंचवटे मोजा, एअर व्हॉल्व्ह मोजा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.