आपलं विवर गेलं कुठे?

काळ्या दगडाची गोष्ट : लेखांक १४

या आठवड्यात माळशेजच्या कड्यातले थर मोजायचं कबूल केलं होतं. थर काही पळून जात नाहीत. आणखी आठ दिवस थांबतील. झालं असं की मुरबाडजवळच्या एका वाचकांचं कार्ड आलं. अक्षर शेतकऱ्याचं, प्रश्न वकिलाचा. ‘तुम्ही म्हणता आमचा माहुली, सिद्धगड, गोरखगड, सगळा ज्वालामुखीचाच दगड. मग तो ज्या तोंडातून निघाला ते तोंड कुठे आहे? नातवाला दाखवायचं आहे. की लोणारला नेऊ?’

लोणारला अवश्य न्या, पण यासाठी नको. सरोवर गोल, काठ उंच, सभोवती काळा कातळ. ते पाहून जुन्या अभ्यासकांनाही ते ज्वालामुखीचंच वाटायचं. पण तिथला खड्डा आभाळातून पडलेल्या पाषाणाने पाडला आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो घाव आपल्या काळवथरावर बसला, तेव्हा तो काळवथर थंड होऊन कोट्यवधी वर्षं लोटली होती. म्हणजे लोणार ही आपल्या दगडाला झालेली जखम आहे, त्याचं तोंड नव्हे. वज्रेश्वरी-अकलोलीची गरम कुंडं दाखवून ‘खाली अजून ज्वालामुखी धुमसतोय’ म्हणणारेही भेटतात. तेही खरं नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, खालच्या उष्णतेने तापतं आणि वर येतं, एवढाच तो मामला.

मग तोंड कुठे? खरं सांगायचं तर शाळेच्या पुस्तकातल्या चित्रासारखं, शंकूच्या टोकावर धूर सोडणारं तोंड आपल्याला बहुधा नव्हतंच. आपल्याकडे जमीन लांबच लांब फाटली आणि फटींतून रस आला. भाताच्या खाचराचा बांध एका जागी न फुटता लांबीभर पाझरायला लागला तर पाणी कसं सपाट पसरेल, तसा. आइसलंडमध्ये १७८३ साली लाकी इथे असं घडलं. सुमारे २७ किलोमीटरची फट आठ महिने लाव्हा ओकत होती. त्या फटीवर शंभराहून जास्त बुटकी विवरं रांगेत उभी राहिली, ती आजही तिथे आहेत. आपल्या फटींवर तसं काही असलंच, तर साडेसहा कोटी वर्षांच्या पावसाने ते कधीच धुऊन नेलं.

फटी मात्र राहिल्या. शेवटचा रस त्यांच्यातच गोठला आणि त्याच्या भिंती झाल्या. भूशास्त्रवाले त्यांना डाइक म्हणतात. शहापूर-मुरबाडच्या माळावर मऊ खडक झिजून जातो आणि ही भिंत उघडी पडते: अरुंद, सरळ, मैलभर गेलेली. ओळखायची खूण सांगतो. कड्यातल्या लाव्हाच्या थराला भेगा पडून खांब होतात, ते उभे. डाइकमधले खांब आडवे, जळणाची मोळी रचून ठेवावी तसे. कारण थर वरून-खालून थंड होतो आणि भिंत दोन्ही बाजूंनी. तेव्हा आजोबांनी नातवाला आधी तिथे न्यावं. यातल्या सगळ्याच फटींनी रस वरपर्यंत पोचवला असं नाही. पुष्कळशा अर्ध्यावाटेत थिजल्या. पण तोंड म्हणून दाखवण्यासारखं आपल्याकडे जे आहे ते हेच.

आता कार्डातला न विचारलेला प्रश्न. मला तोच जास्त आवडला: तोंड राहू द्या, ती चूल कुठे आहे?

चूल आहे तिथेच आहे, वरचा तवा सरकला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज जिथे रियुनियन बेट आहे त्या भागावर होती. खालच्या आचेने दख्खन ओतला गेला. जमीन उत्तरेला निघाली, आच मात्र फारशी हलली नाही. वरून जो जो समुद्रतळ सरकत गेला त्याला ती भोकं पाडत राहिली. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मस्करीन पठार, मॉरिशस, रियुनियन. नकाशा पुढ्यात घ्या, त्यांची माळ दिसेल. १९८७ साली एका संशोधन-जहाजाने या माळेवर समुद्राच्या तळाशी छिद्रं घेतली. मालदीवकडचा बेसाल्ट साडेपाच-पावणेसहा कोटी वर्षांचा निघाला, चागोसकडचा पाच कोटींच्या आतबाहेर आणि मस्करीनकडचा सव्वातीन कोटींच्या आसपास. दक्षिणेला जावं तसतसा दगड तरुण. ही चुलीची कल्पना न मानणारे जाणकारही आहेत आणि त्यांचे मुद्दे पोरकट नाहीत. पण हे आकडे असे ओळीने उतरलेले पाहिले की मला तरी ती पटते.

आता गंमत बघा. शहापूर १९ अंश उत्तरेला, मॉरिशस २० अंश दक्षिणेला. मधलं अंतर साडेचार हजार किलोमीटरांच्या वर. तरी खालची आच एकच. आपल्याच चुलीवरचं विवर पाहायचं तर लोणार सोडा, मॉरिशसला जा. तिथे विवरात तळं आहे आणि तळ्याच्या काठी शंकर आहे.

मी गेलो होतो जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात. पिशवीत माहुलीच्या पायथ्याचा मुठीएवढा दगड वर्तमानपत्रात गुंडाळून नेला होता. विमानतळावर ‘हे काय?’ विचारलं, ‘दगड’ म्हणालो. तपासणाऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती घरच्यांच्या ओळखीची आहे. गाडीवाला निघाला मराठी. खापरपणजा रत्नागिरीकडून ऊसमळ्यावर कामाला आलेला. आपसांत क्रिओल बोलणारा हा गृहस्थ माझ्याशी जपून, एकेक शब्द आठवून मराठी बोलत होता. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येतं आणि आपल्या कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात, हे त्याने अभिमानाने सांगितलं.

रस्त्याला दोन्हीकडे ऊस आणि उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग, काही घराएवढे. मी गाडी थांबवायला लावली. शेत मोकळं करायला गिरमिटियांनी हाताने वेचून रचलेले ते दगड. दगडाखाली सोनं आहे असं सांगून माणसं आणली, अशी तिथली जुनी आठवण. आपल्याकडे वरकस जमिनीत दगड वेचून बांध घालतात, तेच काम. फक्त समुद्रापार, कराराने आणि मुकादमाच्या नजरेखाली. एका चुलीवरचा दगड उचलून उचलून पाठ मोडलेली कोकणातली माणसं जहाजात बसली आणि त्याच चुलीवरचा दगड उचलायला तिथे उतरली. ह्याची नोंद कुठल्याच भूशास्त्राच्या ग्रंथात सापडणार नाही.

आधी क्युरपिप गावात त्रू ओ सेर्फ पाहिलं. भर वस्तीतलं विवर. काठावरून गोल रस्ता, लोक सकाळी फिरायला येतात, उतारावर झाडी आणि तळाशी गाळाने भरत आलेलं डबकं. पुस्तकातलं चित्र हवं असेल तर ते हेच. तिथून दक्षिणेला डोंगराळ भागात ग्रां बासँ, म्हणजेच गंगा तलाव. समुद्रसपाटीपासून साधारण १८०० फुटांवर. आम्ही पोचलो तेव्हा धुकं इतकं की ३३ मीटर उंचीच्या मंगल महादेवाचे फक्त पाय दिसत होते. तळंही नाही. घाटाच्या पायरीवर पाण्याची चाळवाचाळव ऐकू येई, एवढंच. अर्ध्या तासाने वारा सुटला आणि समोर पाणी उघडलं: शांत, करडं, चहूबाजूंनी बुटक्या हिरव्या कडांनी धरलेलं. विवराचा काठ इतका ठेंगणा की सांगितल्याशिवाय कुणाला ज्वालामुखी वाटू नये. विवरातली राख आणि लाव्हा कुजून चिकणमाती होते, ती तळ लिंपते, आणि पाऊस भरपूर. म्हणून डोंगरमाथ्यावरही पाणी टिकतं.

जुने लोक याला परी तलाव म्हणत. १८९७ च्या सुमारास उत्तरेकडच्या ट्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं, की इथलं पाणी गंगेचं आहे. पुढच्या वर्षी पहिली यात्रा निघाली. १९७२ साली भारतातून खरोखरच गंगाजल आणून तळ्यात ओतलं आणि गंगा तलाव हे नाव पक्कं झालं. महाशिवरात्रीला बेटाच्या कानाकोपऱ्यातून लोक कावड घेऊन पायी येतात. म्हशाची जत्रा पाहिलेल्याला गर्दीचं नवल नाही. पण इथली गर्दी ज्वालामुखीच्या विवराच्या काठी जमते, याचं मला फार अप्रूप वाटलं.

काठाजवळच्या कुंपणाच्या भिंतीतून निखळून पडलेला एक दगड उचलला आणि माहुलीचा त्याच्या शेजारी ठेवला. रंग एकच, वजन हाताला जवळजवळ सारखं. तिथल्या दगडात बारीक भोकं होती, लाव्हातून वायू निसटताना राहिलेली, सगळी रिकामी. करंगळीचं नख जाईल अशी. आत ऑलिव्हिनचे हिरवट कण चमकत होते. माझ्या दगडातही तशीच भोकं होती, पण पांढऱ्या स्फटिकांनी गच्च भरलेली. खडकात गरम पाणी झिरपतं, सोबत आणलेली खनिजं पोकळीत सोडून जातं, तसे ते स्फटिक भरतात. गाडीवाल्याने दोन्ही दगड हातात घेऊन पाहिले आणि म्हणाला, “तुमचा म्हातारा.” चौदा लेखांत मला इतकं थोडक्यात लिहिता आलेलं नाही.

त्याचा दगड मी तिथेच ठेवला. देवस्थानातून काही उचलू नये. माझाही तिथेच राहिला, हे परतताना विमानात लक्षात आलं. उद्या एखाद्या अभ्यासकाला गंगा तलावाच्या काठी दख्खनचा बेसाल्ट सापडला आणि त्याने त्यावर निबंध लिहिला, तर त्याचं पाप माझ्या माथी.

माळशेज पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर शहापूर-मुरबाडच्या वाचकांनी एक काम करावं. विहीर किंवा बोअर मारताना काळ्या कातळाखाली तांबड्या मातीचा पट्टा लागला असेल, तर गावाचं नाव, तो किती हातांवर लागला आणि किती जाडीचा होता, एवढं कार्डावर लिहून पाठवा. थर मोजताना मला ते लागणार आहे.