३:१ या गुणोत्तराची उजळणी

आनुवंशिकीच्या अंतिम परीक्षेपूर्वी ३:१ हे गुणोत्तर विद्यार्थ्यांना पाठ असते. त्याचा अर्थ मात्र निसटतो. मेंडेलच्या १८६६ मधील निबंधात वाटाण्याचे ५,४७४ दाणे गोल व १,८५० सुरकुतलेले होते, म्हणजे २.९६:१. हे प्रमाण मोठ्या संख्येत दिसते. चार अपत्यांच्या कुटुंबात दिसेलच असे नाही. आईवडील दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत आजाराची शक्यता २५ टक्केच राहते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तिन्ही निरोगी ठरत नाहीत. त्यांचे निरोगी मूल वाहक असण्याची शक्यताही निम्मी नसून दोन-तृतीयांश असते. कारण चारपैकी आजाराची एक शक्यता तेथे वगळली जाते. एवढे वर्गात उमगले, तर विवाहापूर्वी रक्ततपासणी कशासाठी, हेही उमगते.