शिडावरचे मीठ, कड्यांवरचा चुना

चिपळूण तालुक्यातल्या अलोऱ्याहून समुद्र दिसत नाही, पण इथले पाणी रोज समुद्राला जाते. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरते, कोळकेवाडी धरणात थांबते, अलोऱ्याजवळच्या तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहात पुन्हा जनित्रे फिरवते आणि वाशिष्ठीला मिळते. पुढे दाभोळच्या खाडीत ते खाऱ्या पाण्यात मिसळते. त्या खाडीत उभ्या असलेल्या बोटींची निगा राखायला सर्वांत मोलाची वस्तू लागते ती हीच, गोडे पाणी.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. शिडावर उडालेले तुषार वाळले की त्यांचे बारीक स्फटिक धाग्यांत अडकतात. शीड फडफडले, दुमडले की हे कण धागा आणि शिवण कातरतात. त्यातले मॅग्नेशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. म्हणून कोकणच्या दमट हवेत खारे शीड पुरते वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते.

सगळे पांढरे डाग मात्र एका जातीचे नसतात. एक लिटर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळते, चुनखडी मात्र काही मिलिग्रॅमच. म्हणून आधी डागावर गोडे पाणी घालावे. गेला तर ते मीठ होते. राहिला तर त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. बुडबुडे आले तर तो चुना, कारण आम्लाने कॅल्शियम कार्बोनेट फुटते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बोअरवेलच्या कठीण पाण्याने धुऊन तसेच वाळवले तरी असाच चुना बसतो. पावसाचे पाणी त्यामानाने निर्मळ.

चुना काढायला व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळावे, कापडाने लावावे, दहा मिनिटांत भरपूर गोड्या पाण्याने धुवावे. आपल्या घरी चिंच-आमसुलाने तांब्या-पितळेची भांडी लखलखतात, त्यामागेही आम्लच असते. पण धातू पाहून हात घालावा. जस्ताचा मुलामा दिलेल्या साखळीवर आणि ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर आम्ल नको. स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याला गंजापासून वाचवतो. क्लोराइड तो थर भेदतो आणि खड्डे पाडतो, म्हणून बाथरूम साफ करायचे हायड्रोक्लोरिक आम्ल कड्या-कप्प्यांजवळ नेऊ नये. तारेच्या घासणीचे लोखंडी कणही मागे राहून गंजतात. मऊ ब्रश पुरे.

शिडाचे कापडही ओळखावे. पॉलिएस्टर सौम्य आम्ल सोसते, नायलॉन नाही. ब्लीच नायलॉनचा घात करते. आम्ल आणि ब्लीच तर कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा हवीच. शीड उन्हात फार वेळ ताणून ठेवू नये, सावलीत वाळवावे.

दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. इतक्या लांबच्या सफरीत गोडे पाणी मोजून वापरावे लागते आणि पावसाची सर म्हणजे शिडाची आंघोळ ठरते. किनाऱ्याला लागलेल्या बोटीला तेवढी टंचाई नसते.

१ जूनला मासेमारी थांबते, बोटी वर ओढून शाकारल्या जातात. शाकारण्याआधी शीड, दोर, कप्प्या आणि कड्या गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, कोरड्या करून ठेवाव्यात. पाणी आधी, आम्ल शेवटी, आणि तेही गरज पडलीच तर. एवढा एक नियम पाळला, तर बऱ्याच डागांना आम्ल लावायची वेळच येणार नाही.